न झालेल्या लढतींची कैफियत

१९७० सालच्या जानेवारीच्या २० तारखेस अमेरिकेतील व कॅनडातील शेकडो चित्रगृहांत तिकिटे काढून बसलेल्या प्रेक्षकांनी मुष्टियुद्धाची जी लढत पाहिली, तिच्यातील एक योद्धा सुमारे पावणेपाच महिन्यांपूर्वी आयोवा राज्यात विमान कोसळून मरण पावला होता, आणि दुसऱ्याचे परवाने, सैन्यभरतीस नकार दिल्याच्या कारणावरून, पावणेतीन वर्षांपूर्वीच काढून घेण्यात आले होते. पहिला रॉकी मार्सियानो, ४९ लढतींत ४९ विजय मिळवून १९५६ मध्ये अपराजित निवृत्त झालेला. दुसरा मुहम्मद अली. १९६९ च्या उन्हाळ्यात मायामी येथील एका स्टुडिओत या दोघांस एकेका मिनिटाच्या सुमारे सत्तर फेऱ्या खेळावयास लावून त्यांचे चित्रण करण्यात आले. त्यासाठी पंचेचाळिशीतल्या मार्सियानोने पन्नासएक पौंड वजन उतरविले आणि डोक्यावर केसांचा टोप चढविला. शेवट अनेक प्रकारचे चित्रित झाले, आणि त्यांतील कोणता खरा मानला जाणार याची वार्ता उभयतांपैकी एकासही देण्यात आली नाही. तो निर्णय संगणकाकडे सोपविला होता. अमेरिकेतील प्रेक्षकांनी मार्सियानोला तेराव्या फेरीत अलीवर नॉकआउटने विजय मिळविताना पाहिले. युरोपात दाखविलेल्या प्रतीत मात्र अली विजयी होतो. लढत एकच, यंत्र एकच, आणि फैसले मात्र मुलुखागणिक वेगळे!

या प्रकरणाचे मूळ तीन वर्षे मागे जाते. मायामीचा नभोवाणी-निर्माता मरे वोरोनर याने १९६७ मध्ये निरनिराळ्या काळांतील सोळा हेवीवेट योद्ध्यांची एक स्पर्धा कल्पिली, त्यांच्या वेगाविषयी, ठोशांच्या बळाविषयी आणि सोशिकपणाविषयी जाणकारांची मते मागवून त्यांचे अंक केले, ते एनसीआर ३१५ या संगणकात भरले, आणि त्यातून निघालेला वृत्तांत जणू रिंगणाशेजारून सांगावा तसा श्रोत्यांस ऐकविला. अंतिम लढतीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीस हरविले. अली उपउपांत्य फेरीतच जेम्स जेफ्रीजकडून पराभूत झाला, आणि या गोष्टीचा त्यास इतका संताप आला की त्याने वोरोनरवर दहा लाख डॉलरची फिर्याद ठोकली. तिची तडजोड एका डॉलरवर आणि उपरोक्त चित्रपटात काम करण्याच्या कबुलीवर झाली. चित्रपटाचा निकालही विरुद्ध गेल्यावर हा संगणक अलाबामात बनविलेला असला पाहिजे असा टोला त्याने हाणला, आणि त्या राज्यातील वर्णद्वेषाची कीर्ती ज्यांच्या कानांवर होती त्यांस त्याचे मर्म समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

अलीचा टोला विनोदाचा खरा, पण माझ्या मते त्या सबंध उपद्व्यापावरचे सर्वांत अचूक भाष्य तेच आहे. यंत्राने स्वतःच्या डोळ्यांनी एकही ठोसा पाहिलेला नव्हता. जाणकारांची मते त्यात गेली आणि जाणकारांचीच मते, आकड्यांचा पोशाख चढवून, बाहेर आली. याहूनही मोठा दोष असा की, लढत कोणत्या नियमांखाली झाली हा प्रश्न विचारण्याची आवश्यकता ना वोरोनरला भासली, ना त्याच्या श्रोत्यांना. जेफ्रीज ज्या काळात खेळला त्या काळात पंचवीस आणि पंचेचाळीस फेऱ्यांचे करार होत असत. अलीच्या काळी अजिंक्यपदाची लढत पंधरा फेऱ्यांची होती. मग अली हरला तो कोणाच्या घरी, कोणाच्या कायद्याने? प्रस्तुत पुस्तकाचा सारा खटाटोप या एका प्रश्नाभोवती आहे. गतकाळातील दोन योद्ध्यांची काल्पनिक लढत लावणाऱ्याने ‘कोण जिंकेल’ हे विचारण्यापूर्वी ‘करार काय’ हे विचारावे, कारण निकालाचा निम्मा भाग करारपत्राच्या कलमांतच लिहिलेला असतो, असे माझे प्रतिपादन आहे.

मराठी वाचकाला हे पटविण्यासाठी फार दूर जावयास नको. तालमीच्या कट्ट्यावर बसून पहिलवानांच्या जोडी लावण्याची सवय त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. गामा पहिलवान १९१० मध्ये लंडनला गेला तेव्हा पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी त्याची गाठ पडली. झिबिस्को गादीवर पालथा पडून राहिला, आणि अडीच तासांहून अधिक वेळ खटपट करूनही गामाला त्याला उलटता आले नाही. तीच जोडी १९२८ मध्ये पतियाळास पुन्हा जुळली, या वेळी हौद्यातील मातीत आणि आपल्याकडील कुस्तीच्या रिवाजाने, आणि गामाने मिनिटभराच्या आत त्याला अस्मान दाखविले. अठरा वर्षांत दोघांचीही वये वाढली होती ही गोष्ट जमेस धरावी लागते हे खरे. परंतु ज्या युक्तीने लंडनच्या गादीवर झिबिस्को तरला त्या युक्तीला पतियाळाच्या मातीत थारा नव्हता, हेही तितकेच खरे.

मुष्टियुद्धात तर नियमांची उलथापालथ याहून पुष्कळच मोठी झालेली आहे. जॉन एल. सलिव्हनने १८८९ च्या जुलैमध्ये मिसिसिपी राज्यातील रिचबर्ग येथे जेक किलरेनचा ७५ फेऱ्यांत पराभव केला, हे वाक्य वाचून आजचा वाचक पाऊणशे फेऱ्यांस तीन मिनिटांनी गुणू लागतो आणि सलिव्हनला राक्षस समजून मोकळा होतो. वस्तुतः ती लढत उघड्या मुठींची, लंडनच्या जुन्या नियमांखालची होती. तीत कोणीही जमिनीस टेकला की फेरी संपे, मग ती तीन मिनिटे चाललेली असो की तीन क्षण, आणि कमरेच्या वर धरून प्रतिस्पर्ध्यास आपटणे हेही रीतसर मानले जाई. अवघ्या तीन वर्षांनी, १८९२ च्या सप्टेंबरात, न्यू ऑर्लिन्स येथे क्वीन्सबरीच्या नियमांखाली, हातमोजे घालून, तीन मिनिटांच्या फेऱ्यांत हाच सलिव्हन जेम्स कॉर्बेटपुढे उभा राहिला, तेव्हा एकविसाव्या फेरीत त्याचा निकाल लागला. सलिव्हनचे वय आणि त्याचे मद्यपान यांच्या माथी या पराभवाचे खापर फोडण्याची वहिवाट आहे, आणि ती अगदीच निराधार नाही; पण कॉर्बेटसारख्या चपळ पायांच्या माणसाला ज्या नियमांनी मोकळे मैदान मिळवून दिले त्या नियमांचे नाव त्या हिशेबात क्वचितच घेतले जाते.

फेऱ्यांच्या संख्येचे कलम वरवर पाहता निरुपद्रवी वाटते, परंतु त्याने किती अजिंक्यपदे इकडची तिकडे केली असती याचा जमाखर्च मांडून पाहण्यासारखा आहे. जॅक जॉन्सन १९१५ च्या एप्रिलमध्ये हवाना येथे जेस विलार्डकडून हरला तो सव्विसाव्या फेरीत. त्या लढतीचा करार ४५ फेऱ्यांचा होता, आणि पहिल्या पंधरांत जॉन्सनचेच पारडे जड होते, तेव्हा पुढील पिढीच्या नियमांनी तो जगज्जेता म्हणूनच हवानाहून परतला असता. उलट दिशेने पाहू. १९४१ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बिली कॉन, जगज्जेता जो लुई याच्याहून वजनाने कितीतरी हलका, बाराव्या फेरीअखेर तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर पुढे होता. तेराव्या फेरीत लुईने त्याला गाठले. १९५२ मध्ये फिलाडेल्फियास जर्सी जो वॉलकॉट बारा फेऱ्यांनंतर तिन्ही गुणपत्रिकांवर मार्सियानोच्या पुढे होता. तेराव्या फेरीत मार्सियानोचा उजवा हात त्याच्या जबड्यावर बसला आणि दोरांना लटकत वॉलकॉट खाली आला. आज अजिंक्यपदाच्या लढती बारा फेऱ्यांच्या असतात. आजचे कलम त्या दोन रात्री लागू असते, तर कॉन विजेता ठरला असता, आणि मार्सियानोच्या ज्या ४९ विजयांची जपमाळ त्याचे भक्त ओढतात तिचा मधला मणीच गळून पडला असता. या विधानाने मार्सियानोचे मोठेपण रतिमात्र कमी होत नाही. पंधरा फेऱ्यांच्या करारावर सही करणारा योद्धा तेराव्या फेरीसाठी बळ राखून ठेवतो, आणि बारा फेऱ्यांचा करार असता तर त्यानेही आपली लढाई निराळ्या रीतीने मांडली असती, हे ओघानेच आले.

आता ज्या लढतीसाठी बहुसंख्य वाचक हे पुस्तक उघडतील असा माझा कयास आहे, त्या डेम्प्सी-लुई लढतीकडे वळतो. डेम्प्सीचे अजिंक्यपद १९२६ मध्ये गेले, लुईस ते १९३७ मध्ये मिळाले. एका दशकाच्या फरकाने ही गाठ हुकली, आणि दोघांनाही प्रत्यक्ष पाहिलेली माणसे पुढे कित्येक वर्षे हयात असल्यामुळे तिच्यावरील वाद कधी विझलाच नाही. डेम्प्सी कमरेत वाकून, डोके डावी-उजवीकडे झुलवीत आत शिरे, आणि आत शिरताच डाव्या हाताचा आडवा ठोसा उगारी. १९१९ च्या ४ जुलैस टोलीडो येथे आपल्याहून पन्नासाहून अधिक पौंडांनी वजनदार अशा विलार्डला त्याने पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. लुई याच्या अगदी उलट प्रकृतीचा: पाय जमिनीस घासत, एकेक पाऊल पुढे सरकणारा, चेहऱ्यावर रेषाही न हलविणारा, आणि सहा इंचांच्या अंतरातून मारलेल्या ठोशातही माणूस लोळविण्याची शक्ती राखणारा. त्याच्या या बांधेसूद तंत्रात एक उणीव होती. ती मॅक्स श्मेलिंगने चित्रफिती पुनःपुन्हा पाहून हेरली. डावा सरळ ठोसा मारल्यावर लुईचा डावा हात परतताना खाली येई, आणि त्या उघड्या पडलेल्या जबड्यावर श्मेलिंगने १९३६ च्या जूनमध्ये उजव्या हाताचा मारा करीत त्याला बाराव्या फेरीत नॉकआउट केले. दोन वर्षांनी लुईने त्याची फेड अवघ्या १२४ सेकंदांत केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु लढतीच्या आरंभी लुई सापडू शकतो ही गोष्ट पुढेही दिसत राहिली. ज्याला हरवून लुई १९३७ मध्ये जगज्जेता झाला त्या ब्रॅडॉकने त्या लढतीत त्याला पहिल्याच फेरीत खाली बसविले होते, ढेरपोट्या टोनी गॅलेंटोने १९३९ मध्ये त्याला जमीन दाखविली, आणि १९४१ मध्ये बडी बेअरने तर दोरांमधून बाहेर ढकलले. प्रत्येक वेळी लुई उठला, स्थिर झाला आणि जिंकला.

मुद्दा या उठण्याचा आहे. १९१९ मध्ये, आणि १९२३ च्या सप्टेंबरात अर्जेंटिनाच्या लुइस फिर्पोशी झालेल्या लढतीतही, डेम्प्सी खाली पडलेल्या माणसाच्या डोक्याशी उभा राहत असे, आणि त्याचे गुडघे जमिनीवरून सुटतात न सुटतात तोच पुढचा ठोसा हाणीत असे. पंच त्यास हटकीत नसत. त्याच फिर्पोच्या लढतीत डेम्प्सी स्वतः दोरांतून बाहेर वार्ताहरांच्या टेबलांवर जाऊन पडला आणि त्यांच्या हातांच्या आधाराने परत आत चढला, हा प्रसंग जॉर्ज बेलोज या चित्रकाराने पुढल्याच वर्षी रंगविला, आणि आज डेम्प्सीचे नावही न ऐकलेली माणसे ते चित्र ओळखतात. पुढे खाली पाडणाऱ्याने दूरच्या तटस्थ कोपऱ्यात गेल्याशिवाय मोजणी सुरू होऊ नये असा दंडक आला. १९२७ च्या सप्टेंबरात शिकागोच्या सोल्जर फील्डवर, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांच्या समक्ष, सातव्या फेरीत जीन ट्यूनीला खाली पाडल्यावर डेम्प्सी जुन्या सवयीने तेथेच घुटमळला; पंच डेव्ह बॅरीने तो कोपऱ्यात जाईपर्यंत मोजणी रोखली, ट्यूनी सुमारे चौदा सेकंद जमिनीवर राहूनही नवाच्या आकड्यास उठला, आणि लढत गुणांवर जिंकला. पुढच्याच फेरीत डेम्प्सी क्षणभर खाली गेला तेव्हा याच बॅरीने ट्यूनीच्या कोपऱ्यात जाण्याची वाट न पाहता मोजणीस आरंभ केला, ही गोष्ट डेम्प्सीच्या चाहत्यांनी आजतागायत क्षमा केलेली नाही.

तेव्हा डेम्प्सी-लुई लढतीचा करार करताना हे एक कलम निश्चित करा, आणि निकाल जवळजवळ आपोआप हाती येतो. टोलीडोची वहिवाट लागू केली तर पहिल्या फेरीत गुडघ्यावर आलेल्या लुईला उठून स्थिर होण्याची ती अमोल सेकंदे मिळत नाहीत, आणि मी डेम्प्सीला तिसऱ्या फेरीच्या आत विजय देतो. शिकागोचा दंडक लागू केला तर लुई पहिल्या संकटातून उठतो, दुसऱ्या फेरीपासून त्याचा डावा सरळ ठोसा झुलत्या डोक्याचा माग काढू लागतो, आणि सहाव्या-सातव्या फेरीच्या सुमारास आत शिरणाऱ्या डेम्प्सीला तो आखूड उजवा ठोसा भेटतो. दोन्ही निकाल पुढे दिलेले आहेत. ज्यांना एकच निकाल हवा आहे त्यांची निराशा होईल याची मला कल्पना आहे. पण एकच निकाल हवा असेल तर वोरोनरचे यंत्र आहेच.

काल्पनिक लढती लावणारे पुष्कळजण आणखी एका तर्काचा आश्रय घेतात, त्याचा समाचार येथेच घेतलेला बरा. ‘अ’ने ‘ब’ला हरविले, ‘ब’ने ‘क’ला हरविले, सबब ‘अ’ हा ‘क’ला हरवील, असा हा तर्क आहे. मॅक्स बेअरने १९३३ मध्ये श्मेलिंगला हरविले. लुईने १९३५ मध्ये बेअरला चार फेऱ्यांत झोपविले. सबब १९३६ मध्ये श्मेलिंगला उभे राहण्याचेही कारण नव्हते, आणि पैज लावणारांनी त्याच हिशेबाने पैसे लावले. पुढे काय झाले ते वर आलेच आहे. सत्तरीच्या दशकात फ्रेझरने अलीला, फोरमनने फ्रेझरला आणि अलीने फोरमनला हरवून तेच वर्तुळ पुन्हा काढून दाखविले. कोणाची शैली कोणाच्या शैलीला जड जाते यावर निकाल ठरत असल्याने योद्ध्यांची एकाखाली एक अशी क्रमवारी लावणे हा करमणुकीचा प्रकार आहे, पुराव्याचा नाही. ‘द रिंग’ या मासिकाचा संस्थापक नॅट फ्लायशर, ज्याच्याइतक्या लढती फार थोड्यांनी पाहिल्या असतील, त्यानेही १९५८ मध्ये अशी यादी प्रसिद्ध केली, आणि तीत जॉन्सन पहिला, जेफ्रीज दुसरा, फिट्झसिमन्स तिसरा, तर लुई सहावा आणि मार्सियानो दहावा आला. यादीच्या माथ्यावरची नावे संपादकाच्या बालपणातली आणि तरुणपणातली आहेत, हे सांगितले म्हणजे पुरे.

पुराव्याविषयी दोन शब्द. आपण या योद्ध्यांविषयी जी मते बनवितो ती बहुतांशी चित्रफितींवरून, आणि त्या साक्षीदाराची उलटतपासणी सहसा कोणी घेत नाही. मूकपटाच्या काळातील चित्रण हाताने दांडी फिरवून होत असे; ते पुढील काळाच्या वेगाने दाखविले की माणसे टुणटुण उड्या मारताना दिसतात, आणि मग हे गृहस्थ मुष्टियुद्ध करीत होते की नाच, असा प्रश्न नव्या प्रेक्षकास पडतो. शिवाय १९१० च्या जुलैमध्ये रीनो येथे काळ्या जॉन्सनने गोऱ्या जेफ्रीजचा पाडाव केल्यानंतर देशभर दंगली उसळल्या, आणि १९१२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी करणारा कायदा केला. तो १९४० पर्यंत अमलात होता. डेम्प्सीची सबंध कारकीर्द या कायद्याच्या मुदतीत येते. म्हणजे ज्या फिती पाहून आपण त्याच्याविषयी निवाडा देतो, त्यांतील कितीतरी फितींचा प्रवासच मुळात बेकायदा होता.

रीनोच्या लढतीचा उल्लेख आला तेव्हा हेही सांगितले पाहिजे की, न झालेल्या लढती सगळ्या एका जातीच्या नसतात. काही लढती काळाने होऊ दिल्या नाहीत, जशी डेम्प्सी-लुईची. काही झाल्या, पण भलत्या वेळी झाल्या: जेफ्रीज निवृत्त होऊन पाच वर्षे शेतीत रमलेला असताना त्याला ओढून रीनोच्या उन्हात उभे करण्यात आले, सदतीस वर्षांच्या लुईला १९५१ मध्ये मार्सियानोने आठव्या फेरीत दोरांबाहेर पाठविले, या लढती दप्तरी नोंदल्या गेल्या असल्या तरी खऱ्या अर्थाने त्या अद्याप व्हावयाच्याच आहेत. परंतु तिसरी जात निराळी. दोन्ही योद्धे हयात आहेत, दोघे भर उमेदीत आहेत, दोघांमध्ये काही मैलांचेच अंतर आहे, प्रेक्षक तिकिटाचे पैसे हातात घेऊन उभे आहेत, आणि लढत होत नाही, कारण एक गोरा आहे आणि दुसरा काळा.

सलिव्हनने आपण काळ्या माणसाशी लढणार नाही असे जाहीर करून ठेवले होते. त्या एका वाक्याने पीटर जॅक्सनचे आयुष्य कुंठित झाले. वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियाचे अजिंक्यपद मिळवून अमेरिकेत आलेला हा सभ्य, देखणा योद्धा १८९१ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथे कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला. अखेरीस दोघांनाही हात उचलवेनात तेव्हा पंचाने लढत निकालाविना थांबविली. सोळा महिन्यांनी त्याच कॉर्बेटने सलिव्हनला हरवून जगज्जेतेपद मिळविले. जॅक्सनला ती संधी कधीच मिळाली नाही. १९०१ मध्ये क्वीन्सलँडमध्ये तो वारला. आणि हा अन्याय गोऱ्यांनीच केला असेही म्हणता येत नाही. सॅम लँगफर्ड हा अवघा पाच फूट सात इंच उंचीचा नोव्हा स्कोशियाचा योद्धा १९०६ मध्ये जॉन्सनकडून पंधरा फेऱ्यांत हरला होता खरा, पण त्यानंतर तो अंगाने भरला, त्याची दहशत वाढली, आणि १९०८ मध्ये जगज्जेता झालेल्या जॉन्सनने मग त्याला अजिंक्यपदासाठी जवळपास फिरकू दिले नाही. काळ्या-काळ्यांच्या लढतीला गल्ला जमत नाही हे कारण त्या वेळी पुढे करण्यात आले. ते खोटे नव्हते. ते पुरेसे होते असे मला वाटत नाही.

सर्वांत लांबलेली कैफियत हॅरी विल्सची. न्यू ऑर्लिन्सचा हा उंचापुरा योद्धा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या प्रारंभी डेम्प्सीचा सर्वमान्य प्रतिस्पर्धी होता. १९२२ मध्ये करारावर सह्या झाल्या, पण लढतीची तारीख ठरेना. प्रवर्तक टेक्स रिकार्ड रीनोच्या लढतीचाही प्रवर्तक होता आणि पंचही. त्यानंतरच्या दंगली त्याने पाहिल्या होत्या, आणि गोऱ्या-काळ्यांची अजिंक्यपदाची लढत पुन्हा लावण्याची त्याची इच्छा नव्हती. १९२५ मध्ये दुसऱ्या एका प्रवर्तकाने करार केला. विल्सला ५०,००० डॉलर मिळाले, डेम्प्सीला ठरलेली रक्कम मिळाली नाही, आणि तो करारही बारगळला. न्यूयॉर्कच्या नियामक मंडळाने डेम्प्सीने आधी विल्सशीच लढावे असा आग्रह धरला, म्हणून १९२६ ची ट्यूनीशी लढत न्यूयॉर्क सोडून फिलाडेल्फियाला नेण्यात आली. तोवर विल्स ३७ वर्षांचा झाला होता. त्याच वर्षी जॅक शार्कीशी लढताना त्याला बाद ठरविण्यात आले आणि पुढल्या वर्षी पाउलिनो उझकुडुनने त्याला चौथ्या फेरीत नॉकआउट केले. त्यानंतर त्याचे नाव कोणी काढले नाही.

या तिसऱ्या जातीच्या लढतींना मी पुस्तकात सर्वाधिक पाने दिली आहेत. लुई आणि डेम्प्सी यांची गाठ पडली नाही यात कोणाचा अपराध नाही, आणि ती कल्पनेने घालून देणे हा निव्वळ आनंद आहे. विल्सच्या बाबतीत मात्र कल्पना एक प्रलंबित फिर्याद सुनावणीस घेते, आणि तेथे कलमे हवी तशी वळविण्याची मोकळीक मी घेतलेली नाही. डेम्प्सी-विल्स लढत १९२२ सालची धरली आहे, डेम्प्सी २७ वर्षांचा आणि विल्स ३३ वर्षांचा असताना. करार पंधरा फेऱ्यांचा, नियम त्या वर्षीच्या न्यूयॉर्कचे. माझा कौल डेम्प्सीला आहे, कारण विल्स उंच आणि ताठ उभा राहणारा, प्रतिस्पर्ध्याचा हात धरून ठेवून मारणारा योद्धा होता, आणि असल्या उभ्या लक्ष्यावर त्या वर्षीचा डेम्प्सी तुटून पडत असे. तथापि विल्सने पहिल्या चार फेऱ्या तग धरली तर हा कौल बदलावा लागेल, आणि ती शक्यता मी त्या प्रकरणात सविस्तर खेळवून पाहिली आहे.

प्रत्येक लढतीच्या मथळ्याखाली तिचे करारपत्र छापले आहे: उभयतांपैकी प्रत्येकाचे कोणते वर्ष धरले, फेऱ्या किती, हातमोजे किती औंसांचे, खाली पडलेल्या माणसाविषयी दंडक कोणता. वाचकांस विनंती अशी की, त्यांनी निकालाच्या पानावर उडी न घेता प्रथम ते करारपत्र वाचावे. ज्या कलमास हरकत असेल ते बदलून लढत आपल्या मनाशी नव्याने लावावी. आणि आपला निकाल पेन्सिलीने तेथेच लिहून ठेवावा, त्यासाठी प्रत्येक लढतीच्या अखेरीस अर्धे पान कोरे सोडले आहे.